पडवीतल्या उशीवरची दिवा घेतलेली बाई कुणाची? (चित्रांचे अभ्रे आणि कोकणची हवा)

माडाखालची
नमस्कार मंडळी. वेंगुर्ला आणि शिरोड्याच्या मधे आमचं जुनं कौलारू घर आहे. त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. एप्रिलात पडवीतल्या बाकांवर ठेवायला मी ऑनलाइन पाच अभ्रे मागवले, जगप्रसिद्ध चित्रं छापलेले, १६ बाय १६ इंची. व्हॅन गॉगचं चांदण्यांचं आकाश, होकुसाईची लाट, व्हर्मीरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी, रविवर्म्याची लक्ष्मी, आणि हातात दिवा घेऊन उभी असलेली साडीतली बाई. या शेवटच्या अभ्र्याच्या शिवणीत लेबल होतं, 'राजा रविवर्मा'.

मे महिन्यात एक वयस्क गृहस्थ उतरले होते. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी ती उशी मांडीवर घेतली, लेबल वाचलं, अंगठ्याने दोनदा चोळलं आणि म्हणाले, "वहिनी, हे रविवर्म्याचं नाही. हे तुमच्या सावंतवाडीच्या माणसाचं आहे. हळदणकरांचं." सावंतवाडी आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. लग्न होऊन आले तेव्हापासून बाजाराला तिथे जाते आहे. मला ते नाव माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ती उशी बघितली की मनाला लागतं.

तर पहिली गोष्ट, हे खरं का ते जाणकारांनी सांगावं. दुसरी अडचण पावसाची. जून लागला आणि दोन उश्यांना मागच्या बाजूने भुरी आली, चेन गंजून अडकली, चांदण्यांच्या आकाशाचा निळा रंग बाकाच्या पांढऱ्या चादरीला लागला. आता चतुर्थीच्या आधी स्वतःच चांगले अभ्रे करून घ्यावेत असं मनात आहे. नीट छापलेले, नीट शिवलेले आणि नाव बरोबर असलेले. कुणी केलं आहे का असं काम?

रंगपेटी
ताई, तुमच्या पाहुण्यांनी अगदी बरोबर सांगितलं. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि दरवर्षी एक तरी पोरगं हे चित्र रविवर्म्याचं म्हणून वहीत चिकटवून आणायचं.

हे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं चित्र. जन्म १८८२, सावंतवाडी. शिकले मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये, १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. हे चित्र १९४५ च्या सुमाराचं, त्यासाठी त्यांची स्वतःची मुलगी दिवा घेऊन उभी राहिली होती. रविवर्मा १९०६ साली गेला, म्हणजे चित्राच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी! मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याच राजवाड्यात रविवर्म्याचीही चित्रं आहेत, त्यामुळे बघून येणाऱ्यांच्या मनात दोन्ही नावं एकात एक मिसळतात.

अजून एक सांगतो, कारण ते उशीवर दिसत नाही. हे चित्र तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. जलरंगात उजेड पांढरा रंग लावून आणत नाहीत, कागद तिथे कोरा राखायचा असतो. एकदा हात चुकला की कागदाचा पांढरा परत मिळत नाही. ज्योतीवर आडोसा धरलेला तो हात बघा. उजेड बोटांच्या आरपार येतो, कडा तांबूस होतात, तळहाताचा उजेड गालापर्यंत पोचतो. तैलरंगात चुकलेलं झाकता येतं. इथे सगळं एका दमात आणि आधी ठरवून करावं लागतं. तुमच्या उशीवर ती बोटं कशी उठली आहेत?

माडाखालची
सर, आत्ता उशी हातात घेऊनच लिहिते आहे. बोटं सपाट नारिंगी आहेत, एकाच रंगाची, हळदीत बुडवल्यासारखी. कडा नाहीतच. आणि चौकोनात बसवायला चित्र खालून कापलंय, पाय नाहीत, पदराचा शेव शिवणीत गेला आहे. तुम्ही म्हणेपर्यंत मला वाटत होतं की चित्र असंच आहे.

कापडकोट
मी छपाईच्या धंद्यात आहे, आधी इचलकरंजीला होतो, आता चिपळुणात. ताईंचा घोळ कुठे झाला ते सांगतो.

बाजारातले बहुतेक चित्रांचे अभ्रे सब्लिमेशनचे असतात. चित्र आधी खास कागदावर छापतात, तो कागद कापडावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सियसवर मिनिटभराच्या आत दाबतात. शाईची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. ती फक्त पॉलिस्टरमध्येच शिरते. सुती कापडावर अशी छपाई केली तर रंग वरवर बसतो आणि दोन धुण्यांत उतरतो. तुमचं चांदणं चादरीला लागलं म्हणजे तो अभ्रा एक तर मिश्र सुताचा आहे किंवा दाब नीट बसलेला नाही. शिवणीच्या आतून कापडाचाच एक धागा काढून काडीने पेटवून बघा (शिवायचा दोरा नको). पॉलिस्टर असेल तर वितळून काळा कडक मणी होतो, सुती असेल तर कागद जळल्याचा वास येऊन राख होते.

सुतीच हवं असेल तर त्यावर रिॲक्टिव्ह डिजिटल छपाई करून घ्या. रंग धाग्याला धरतो, नंतर कापड वाफवून धुवून देतात. महाग पडते, पण पाठीला मऊ लागते आणि उन्हाळ्यात घाम येत नाही.

बोटं सपाट झाली ती फाइलमुळे. १६ इंची चौकोनाला इंचाला १५० ठिपके धरले तरी २४०० बाय २४०० ची फाइल लागते, आणि चित्र बारकाव्याचं असेल तर त्याच्या दुप्पट बरी. नेटवरून उचललेला छोटा फोटो ताणला की आधी सावल्या मरतात, मग कडा.

शिवण्याचंही ऐका. आयता शिवलेला अभ्रा घेऊन त्यावर दाब दिला तर शिवणीच्या पोटात शाई जात नाही. उशी भरली की कडेला पांढरी रेघ उघडी पडते. व्हर्मीरच्या मुलीमागचा काळोख असेल तर ती रेघ फारच टोचते. म्हणून सुटं कापड छापून घ्या, चारही बाजूंना एक-एक इंच जादा ठेवा आणि मग शिवा. चेन नायलॉनची. खाऱ्या हवेत धातूची चेन एक पावसाळासुद्धा धड काढत नाही.

आणि सर, तुम्ही कागदाचं जे सांगितलंत ते वाचून अंगावर काटा आला. आमच्या मशीनलासुद्धा पांढरी शाई नसते. चित्रात जिथे पांढरं दिसतं तिथे कापड कोरं असतं. वीस वर्षं हे काम करतोय, पण असा विचार कधी केला नव्हता.

समुद्राकाठचं_दुकान
माझं गणपतीपुळ्यात लहानसं दुकान आहे. कोकम, काजू यांच्याबरोबर शोभेच्या वस्तू ठेवतो, त्यात हे अभ्रेही आहेत. मनापासून सांगतो, गिऱ्हाईक नाव विचारत नाही. भिंतीचा रंग सांगतं आणि त्याला जुळणारी उशी मागतं. माल मुंबईहून येतो, लेबल तिथूनच लागून येतं. प्रत्येक चित्र कुणाचं ते आम्ही कुठे शोधत बसायचं? आणि उशी वापरायची वस्तू आहे. तिच्यावर नाव चुकलं तर चित्रकाराचं नेमकं काय बिघडतं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

दस्तऐवज
दादा, चांगला प्रश्न आहे आणि त्याला कायद्यात सरळ उत्तर आहे.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तो मोजायचा मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. रविवर्मा १९०६ साली गेला, त्याची चित्रं कधीच मोकळी झाली. हळदणकर गेले १९६८ साली. म्हणजे त्यांच्या चित्रांवर ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हक्क आहे, आणि तो त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांना दिला असेल त्यांचा. त्यांच्या चित्रावर रविवर्म्याचं नाव पडलं की जगाला वाटतं, हे मोकळं आहे, कुणीही छापा. बिघडतं ते हे. चुकीच्या लेबलने एका माणसाचं नाव जातं आणि त्याच्या घरच्यांचा हक्कही डावलला जातो.

माडाखालची ताई, तुम्ही घेतलेला अभ्रा घरात वापरलात म्हणून तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. पण नवे छापून घेणार असाल तर हे चित्र परवानगीशिवाय नको. मोकळी चित्रं भरपूर आहेत. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली गेले, अमृता शेरगिल १९४१ साली, आपल्या शेजारच्या गोव्याचे आंतोनियो शावियेर त्रिंदाद १९३५ साली. परदेशी घ्यायची तर व्हर्मीर, होकुसाई, व्हॅन गॉग, क्लिम्ट सगळे मोकळे. पिकासो मात्र १९७३ साली गेला, त्याला २०३३ संपेपर्यंत हात लावू नका.

फाइलसाठी नेटवर कुठेही शोधू नका. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आपल्या संग्रहातल्या मोकळ्या चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट उतरवू देतात. होकुसाईची लाट मेट्रोपॉलिटनकडेही आहे आणि शिकागोकडेही. चित्रकाराचं नाव, साल, माप सगळं तिथेच लिहिलेलं असतं, त्यामुळे लेबल चुकायची भीती नाही.

तुळशीवृंदावन
चित्रांबद्दल जाणकार बोलतील. मला लक्ष्मीच्या उशीबद्दल विचारायचं आहे. ताई, ती कुठे ठेवली आहे?

माडाखालची
सासूबाईंनी पहिल्याच दिवशी उचलली आणि कपाटात ठेवली. मला काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावताना एवढंच म्हणाल्या, "बाकावर पोरं पाय घेऊन बसतात."

तुळशीवृंदावन
त्यांनी केलं ते योग्यच केलं. आमच्या गुहागरच्या घरी देवघराबाहेर रविवर्म्याची लक्ष्मी चौकटीत आहे, पणजीच्या वेळेपासूनची. छापील चित्र, पण त्यावर जरीचं कापड चिकटवून साडी केली आहे आणि दागिन्यांच्या जागी टिकल्या लावल्या आहेत. पणजीनेच लावल्या होत्या म्हणे. ते चित्र आमच्या घरात पूजेला आहे. तेच चित्र कुणाच्या पाठीखाली गेलेलं बघवत नाही. मग ते कितीही सुंदर छापलेलं असो.

रंगपेटी
तुम्ही सांगितलेली चौकट फार मोलाची आहे, जपून ठेवा. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. राजवाड्यांत टांगायची चित्रं त्यामुळे घराघरांत आली. बायकांनी त्यावर जर आणि टिकल्या लावल्या हे तर त्या चित्रांचं पुढचं आयुष्य. पुढे तीच चित्रं काडेपेट्यांवर आणि कॅलेंडरांवरही गेली. त्यामुळे छपाईला किंवा कापडाला माझी हरकत नाही. मात्र देवांच्या बाबतीत सासूबाईंशी मी सहमत आहे. माझ्यापुरता मी आणखी एक पाऊल पुढे जातो. समोरून बघणाऱ्या चेहऱ्यावर पाठ टेकवायला मला नको वाटतं. व्हर्मीरची ती मुलगी मान वळवून सरळ आपल्याकडे बघते, तिच्यावर रेलायचं कसं?

माडाखालची
सर, तिच्यावर कुणी रेलतच नाही! आत्ता तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आलं. पाहुणे तिला उचलून बाजूला ठेवतात किंवा मांडीवर घेतात.

दस्तऐवज
तिचं मूळ चित्र हेगच्या मॉरिट्सहाउसमध्ये आहे, ४४.५ सेंटीमीटर उंच आणि ३९ रुंद. तुमची १६ इंची उशी भरते ४०.६ सेंटीमीटर. म्हणजे ती मांडीवर घेतली की चित्र जवळपास मूळ मापाचंच हातात असतं. होकुसाईची लाट तर मुळात जेमतेम २५ बाय ३७ सेंटीमीटरची आहे, उशीवर ती मुळापेक्षा मोठी होते. चांदण्यांचं आकाश मात्र सुमारे ७४ बाय ९२, ते चौकोनात कोंबायचं तर दोन्ही बाजू जातात. कापायचं चित्र निवडण्यापेक्षा मापाला बसणारं निवडा.

खाडीपलीकडे
गो ताय, तू लाटेच्या उशयेचो फोटो टाकलंस ता बरा केलंस. माका चित्रातला काय एक कळना नाय, पण ता बघलंय आणि नजर हलाक नाय. सगळे लाटच बघतत. लाटेखाली तीन होडये आसत, ते बघा. माणसा वाकान वल्ह्यांक धरून बसली आसत, एकाचाय तोंड दिसना नाय. आमचो आजो रापणीक, मासे पकडूक, जाय. तो सांगी, पाणी अंगार इला काय मान वर करूची नाय, वाकान धरून ऱ्हवाचा. ज्येना ह्या काढल्यान, त्येना ता खय बघलेला आसतला?

रंगपेटी
वा, काय बघितलंत तुम्ही! त्या होड्या मासळीच्याच आहेत. ताजी मासळी वल्ही मारत बाजारात पोचवणाऱ्या वेगवान होड्या. चित्र १८३१ च्या सुमाराचं, लाकडी ठशांवरून छापलेलं, म्हणजे जन्मतःच छापील. लांब मागे बर्फाचा डोंगर आहे, तो फुजी. अनेकांना तो दुसरी लाट वाटतो. वर्गात मी मुलांना नेहमी आधी लाट दाखवायचो. यापुढे कुणाला शिकवायची वेळ आली तर आधी होड्या दाखवीन.

सावर
सगळे अभ्र्याबद्दल बोलताहेत, आत काय आहे ते कुणी विचारलं नाही. ताई, भुरी आतून येते. आयत्या उश्यांत काय भरलं आहे ते उसवून बघा. चिंध्या किंवा कापसाचे गोळे असतील तर ते आमच्याकडच्या हवेत जूनपासून ओल धरतात आणि ऑक्टोबरपर्यंत सोडत नाहीत. पडवीसाठी पॉलिस्टरचं तंतूचं भरण घ्या, धुऊन झटकलं की वाऱ्यावर सुकतं. घरातल्या झोपायच्या उश्यांना मात्र काटेसावरीचा कापूसच. एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटली की पोरं गोळा करून आणायची आणि आजी तोंडाला फडकं बांधून सरक्या काढत बसायची. तो हलका असतो, पाणी लवकर धरत नाही, पण धुता येत नाही, उन्हातच टाकावा लागतो.

अभ्र्याला आत साध्या मांजरपाटाची वेगळी खोळ शिवा, म्हणजे अभ्रा काढून धुता येईल. आणि पश्चिमेच्या पडवीत दुपारी तीननंतर उश्या आत घ्या. ऊन रंग खातं, सब्लिमेशनचासुद्धा.

समुद्राकाठचं_दुकान
दस्तऐवज, तुमचं पटलं. पण माझा अर्धा प्रश्न राहिलाच. शंभर प्रकारचा माल येतो, सगळ्यांची नावं मी तपासू शकत नाही.

रंगपेटी
सगळी नका तपासू. फोनवर चित्राचा फोटो काढून शोधा, पण पहिलं उत्तर धरू नका, कारण हळदणकरांच्या या चित्राला नेटसुद्धा रविवर्माच म्हणतं. संग्रहालयाच्या पानावर नाव मिळालं तर लिहा. नाही मिळालं तर लेबल काढून टाका. नाव नसलेली उशी चालेल. दुसऱ्याच्या नावाची नको.

माडाखालची
मंडळी, चतुर्थी झाली, चाकरमानी परत गेले, आता निवांत लिहिते.

अभ्रा विकणाऱ्याला मी दोनदा लिहिलं की लेबल चुकलं आहे. उत्तर आलं नाही. चित्र अजून त्याच नावाने विकायला आहे.

नवे अभ्रे करून घेतले. कापडकोट दादांनी सांगितल्याप्रमाणे सुटं कापड छापून आणलं आणि इथल्याच शिंप्याकडून शिवलं. दोन चित्रं घेतली, लाट आणि व्हर्मीरची मुलगी. लाट आडवी असल्यामुळे तिला चौकोनी केलीच नाही, लांबट लोड केला. पूर्ण आली, तिन्ही होड्यांसकट. मुलीच्या मागच्या काळोखाला शिवणीत कुठे रेघ नाही. तिची उशी आरामखुर्चीत ठेवली आहे, बाकावर नाही.

दिव्याचा अभ्रा नवा छापला नाही. जुन्याचंच लेबल सासूबाईंनी ब्लेडने उसवलं आणि मांजरपाटाच्या पट्टीवर निळ्या दोऱ्याने हळदणकरांचं नाव भरलं. दोन दुपारी लागल्या. नंतर त्या म्हणाल्या, लहानपणी हे चित्र त्यांच्या मामाकडे कॅलेंडरवर होतं आणि तिथेही खाली रविवर्माच लिहिलेलं होतं.

चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री वारा सुटला आणि लाईट गेली. सासूबाई निरांजन घेऊन माजघरातून पडवीत आल्या, ज्योत विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून. माझी भाची बाकावर बसली होती, नऊ वर्षांची. ती ओरडली, "आजी, तशीच थांब, तुझी बोटं लाल दिसतायत!" सासूबाई थांबल्या. मीही बघितलं. कडा तांबूस, मधे सावली. सर, तुम्ही लिहिलं होतंत अगदी तसंच. उशीवर ते नाही. आता दिवाळीनंतर म्हैसूरला जायचं आम्ही ठरवलं आहे, सासूबाईंना घेऊन.

समुद्राकाठचं_दुकान
ताई, पट्टीवरचा मजकूर जसाच्या तसा द्याल का? माझ्याकडे त्या चित्राचे अकरा अभ्रे पडून आहेत. विकायचे नाहीत असं ठरवलं आहे. दुकानातल्या बाकावर दोन ठेवीन, बाकीचे कुणाला असेच देईन, पण नाव लावून.

माडाखालची
हा घ्या दादा.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर
जन्म सावंतवाडी, १८८२
मूळ चित्र जलरंगात, जगनमोहन राजवाडा, म्हैसूर

सासूबाईंचा निरोप आहे, दोरा दुहेरी घ्या आणि 'ळ' जरा मोठा काढा. पहिल्या धुण्यात दोरा आवळतो आणि 'ळ' मिटतो.